मुसलमानांत फुले का झाले नाहीत? : एका प्रश्नाची उलटतपासणी

काही दिवसांपूर्वी पुण्यात एका परिसंवादाला गेलो होतो. विषय सामाजिक सुधारणांचा होता. एका विद्वान वक्त्याने भाषणाच्या ओघात विचारले, "हिंदूंत फुले झाले, आंबेडकर झाले, मुसलमानांत का झाले नाहीत?" सभागृहात टाळ्या पडल्या. मी व्यासपीठावरच होतो आणि त्यांच्यानंतर मलाच बोलायचे होते. मी बोललो, पण या प्रश्नावर बोललो नाही. अशा वेळी दलित वक्त्याला एक अवघड मान मिळत असतो. त्याच्या महापुरुषांचे नाव घेऊन दुसऱ्या कुणाला तरी हिणवले जात असते आणि त्याने तो गौरव मुकाट्याने स्वीकारावा अशी अपेक्षा असते. मी तो मुकाट्याने स्वीकारला. हा लेख त्या मौनाची भरपाई म्हणून लिहीत आहे.

या प्रश्नात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पहिली अशी की फुले-आंबेडकर ही हिंदू समाजाने स्वतःच्या सुधारणेसाठी केलेली निर्मिती आहे. ज्या जोतीरावांना शूद्रांना व स्त्रियांना शिकवले म्हणून बापाचे घर सोडावे लागले, ज्या बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल रखडवले गेले म्हणून, आणि इतरही कारणांनी, १९५१ साली मंत्रिपद सोडले व १९५६ साली तो धर्मच सोडला, त्यांचे श्रेय तोच समाज आज मिरवतो आहे. दुसरे गृहीत असे की मुसलमानांत सुधारणेचा विचारच झाला नाही. तो झाला. तो कुणी केला, कुणासाठी केला आणि कोठे अडला, हे तपासणे हेच समीक्षेचे काम आहे.

जोतीरावांची गोष्ट सांगताना आपण गफार बेग मुन्शी हे नाव भरभर वाचून पुढे जातो. शाळा सुटलेल्या जोतीला पुन्हा शाळेत घाला, असे गोविंदरावांना पटवून देणाऱ्या दोघांपैकी एक हे फारसीचे जाणकार मुसलमान शेजारी, दुसरे लिजिटसाहेब. सावित्रीबाईंच्या १८५६ सालच्या पत्रात फातिमा हे नाव येते. आपल्या गैरहजेरीत कामाचा भार तिच्यावर पडत असेल याची काळजी त्या पत्रात आहे. या फातिमेविषयी इतिहासाने फार लिहून ठेवले नाही. स्त्री, त्यात मुसलमान, त्यात शूद्रातिशूद्रांच्या मुलींची शिक्षिका. तिची नोंद ठेवण्यात कुणाचाच हितसंबंध नव्हता. जोतीरावांनी मात्र महंमद पैगंबरांवर आदराने काव्य लिहिले आणि सार्वजनिक सत्यधर्मात असे घर कल्पिले की ज्यातील प्रत्येकाला आपापला धर्मग्रंथ निवडण्याची मोकळीक असेल. फुले झाले तेव्हा त्यांच्या घडणीत मुसलमान होते. हे विसरले म्हणजेच वरचा प्रश्न विचारता येतो.

आता इंग्रजी सत्तेकडे येऊ. कारण मुसलमानांतील आधुनिक सुधारणेचा विचार त्या सत्तेच्या आघातातून सुरू झाला, असे सर्व अभ्यासक सांगतात आणि ते खरे आहे. प्रश्न असा की तो आघात कुणाला कसा लागला.

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. हा तोच हंटर, ज्याने १८७१ साली पुस्तक लिहून हिंदुस्थानातील मुसलमान राणीशी एकनिष्ठ राहतील काय, हा प्रश्न उभा केला होता. या आयोगापुढे जोतीरावांनी पुण्याहून निवेदन दिले. सर सय्यद अहमद खान प्रारंभी या आयोगाचे सदस्यच होते. पुढे ती जागा त्यांचे पुत्र सय्यद महमूद यांच्याकडे गेली आणि सर सय्यद यांनी आयोगापुढे साक्ष दिली. एकच सरकार, एकच आयोग, एकच वर्ष. जोतीराव म्हणतात, सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. तेव्हा निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. सर सय्यद यांचा भर उलट दिशेने. आधी वरच्या कुळांतील तरुण शिकावेत, मग शिक्षण खाली झिरपेल. मुलींच्या शिक्षणाविषयी त्यांचे म्हणणे असे की पुरुष पुरेसे शिकल्याशिवाय त्याची वेळ येणार नाही. त्या वेळी भिडे वाड्यातील मुलींच्या शाळेला चौतीस वर्षे होऊन गेली होती.

सर सय्यद यांना लहान करण्यासाठी मी हे लिहीत नाही. १८५७ च्या धामधुमीत त्यांचे नातलग मारले गेले, आई त्या हालअपेष्टांतच गेली. निसर्गाचे नियम व धर्मवचन यांत विरोध असेल तर वचनाचा अर्थ नव्याने लावला पाहिजे, असे म्हणण्याचे धैर्य त्यांनी दाखवले आणि त्यासाठी कुफ्रचे फतवे पचवले. १८७५ साली अलिगढला शाळा काढली, तिचे पुढे कॉलेज व विद्यापीठ झाले. पण त्यांच्या सुधारणेचे पहिले वाक्य 'आपले राज्य गेले' हे होते. ज्याच्या घराण्याने राज्य पाहिले त्यालाच ते गेल्याचे दुःख होणार. ज्या विणकराचा, खाटकाचा, भिस्त्याचा राज्याशी संबंध कर देण्यापुरता होता, त्याने काय गमावले होते? जोतीरावांनी पेशवाई गेल्याचे सुतक पाळले नाही, कारण ती त्यांची नव्हतीच.

हाच धागा जगभर दिसतो. १७९८ साली नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला तेव्हापासून काहिरा, इस्तंबूल, दिल्ली येथील विचारवंतांना एकच प्रश्न छळत होता : आपण का हरलो? जमालुद्दीन अफगाणी यांनी उत्तर दिले, फुटीमुळे. मुसलमानांनी एक व्हावे. त्यांचे शिष्य मुहंमद अब्दुह यांनी उत्तर दिले, आंधळ्या अनुकरणामुळे. बुद्धीचा दरवाजा पुन्हा उघडावा. १८६६ साली देवबंदला मदरसा काढणाऱ्या उलेमांनी उत्तर दिले, धर्मापासून ढळल्यामुळे. निदान तेवढा तरी शाबूत ठेवावा. उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध होती, पण प्रश्न एकच होता. जोतीरावांचा प्रश्न निराळा होता. आपल्याला कुणी हरवले आणि केव्हापासून, असे त्यांनी विचारले; आणि त्या 'आपण'मध्ये शूद्र, अतिशूद्र व स्त्रिया यांना धरले. 'मुसलमानांत फुले का झाले नाहीत' याचे अर्धे उत्तर येथे आहे. तेथील सुधारणेची लेखणी बराच काळ हरलेल्या राज्यकर्त्यांच्या वारसांच्या हातात राहिली. आणि आपल्याकडे रानडे-भांडारकरांची लेखणी कुणाच्या हातात होती, हाही प्रश्न त्याच वेळी विचारला पाहिजे.

अपवाद होते. देवबंदच्या परंपरेत शिकलेल्या मौलवी मुमताज अली यांनी स्त्रियांच्या हक्कांवर उर्दूत ग्रंथ लिहिला. पुरुषाच्या श्रेष्ठत्वासाठी दिले जाणारे धर्माधार त्यांनी एकेक करून खोडले. सर सय्यद यांना ते हस्तलिखित मुळीच रुचले नाही. ग्रंथ छापला गेला तो त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, १८९८ साली. म्हणजे इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कर्ता येथे मागे राहिला आणि मदरशात शिकलेला मौलवी पुढे गेला. आधुनिक म्हणजे पुरोगामी आणि धार्मिक म्हणजे प्रतिगामी, ही आपली सोपी वाटणी येथे मोडून पडते.

यातच कायद्याचा प्रश्न गुंतला आहे. व्यक्तिगत कायदा म्हणजे साक्षात शरियत, त्याला हात लावता येणार नाही, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू म्हणते, हाच तो मध्ययुगीन कायदा. दोघांनाही इतिहास अडचणीचा आहे. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने हिंदूंना शास्त्राप्रमाणे व मुसलमानांना कुराणाप्रमाणे न्याय द्यावा असे ठरवले, तेव्हा स्थानिक रूढींच्या जागी पोथी बसवण्याची सुरुवात झाली. पुढे इंग्रज न्यायाधीशांनी भाषांतरांवर विसंबून निवाडे दिले आणि त्यातून हा कायदा घडला. १९३७ साली शरियत कायदा झाला. रूढीने मुलींचा वारसा बुडत होता, तो शरियतीने मिळावा, हे त्याचे समर्थन होते. पण त्या कायद्यातून शेतजमीन वगळली गेली. ज्या देशात संपत्ती म्हणजे शेतजमीन, तेथे तीच वगळून मुलींना वारसा देण्यात आला. जमीनदारांना शरियत हवी होती, पण बांधापर्यंतच.

येथे मला एक आठवण सांगणे भाग आहे. मी ज्या वस्तीत वाढलो तेथे आमच्या आणि एका मुसलमान कुटुंबाच्या खोलीत एकच भिंत होती. त्या घरातील सुनेला तिच्या नवऱ्याने एका संध्याकाळी तीन वेळा तो शब्द उच्चारून मोकळे केले. ती दोन पोरे घेऊन आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली. गल्लीत चर्चा सुरू झाली : रागात दिलेला तलाक होतो की नाही, मौलाना काय म्हणतात, कोर्ट काय म्हणते. माझी आई कधी शाळेत गेली नाही. तिने एवढेच विचारले, "पर आता ही ऱ्हानार कुठं?" त्या रात्री ती आमच्याकडे राहिली. नंतर तिच्या भावाने तिला नेले. पुढे मी तलाकवर पुष्कळ वाचले. आईचा प्रश्न पहिल्या पानावर ठेवणारी पुस्तके थोडी भेटली.

जी भेटली त्यांतली काही मराठीत आहेत आणि त्यांचा संबंध पुण्याशी आहे. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला. मौखिक तलाक व बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान कायदा करा, ही मागणी होती. फक्त सात स्त्रिया. अफगाणींपासून चालत आलेला 'आपण का हरलो' हा प्रश्न त्या सातजणींच्या तोंडी नव्हता. त्यांच्या सुधारणेचे पहिले वाक्य 'मला घराबाहेर काढले' हे होते. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. १८७३ साली जोतीरावांनी ज्या गावात सत्यशोधक समाज काढला, त्याच गावात जवळजवळ शंभर वर्षे लोटल्यावर ते नाव एका मुसलमानाने उचलले. ज्यांना मुसलमानांत फुले दिसत नाहीत, त्यांनी या नावाचा अर्थ लावावा.

दलवाईंचे लेखन मी अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी मला त्यात दोन दलवाई भेटतात. 'मुस्लिम जातीयतेचे स्वरूप : कारणे व उपाय' लिहिणारे दलवाई निर्भय आहेत. धर्मचिकित्सेपासून ते कचरत नाहीत, सर सय्यद यांच्या शैक्षणिक कामाचे मोल ओळखूनही त्यांच्या राजकारणातील विभक्ततेवर बोट ठेवतात, तुर्कस्थानातील केमाल पाशांचे कार्य त्यांना आदर्श वाटते. पण या लेखनात मुसलमान हा बहुधा एकसंध समाज म्हणून येतो. त्याला दोनच नाती आहेत : एक राष्ट्राशी, दुसरे हिंदूंशी. दुसरे दलवाई 'इंधन' या कादंबरीचे. तेथे कोकणातले गाव आहे, प्रकृतीने खचून बऱ्याच वर्षांनी परतलेला निवेदक आहे, मुसलमान आणि कुळवाडी यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ताणलेले संबंध आहेत. तेथे मुसलमान हा केवळ मुसलमान राहत नाही. त्याला जमीन असते, हुकमत असते, वासना असते, भीती असते. कादंबरीकाराला जे दिसले ते विचारवंताच्या चौकटीत मावले नाही, असे माझे मत आहे.

याचा दलित वाचकाशी थेट संबंध आहे. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, त्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. त्या जिल्ह्याचा मुख्य रोग खोती. १९२९ साली चिपळूणला भरलेल्या शेतकरी परिषदेत बाबासाहेब अध्यक्ष होते आणि १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. खोत सगळे ब्राह्मण नव्हते. त्यांत मराठे होते, मुसलमानही होते. जमिनीच्या या प्रश्नातून धर्मचिकित्सेकडे जाणारी वाट दलवाईंच्या अंगणातूनच जात होती. ती त्यांच्या वैचारिक लेखनाने घेतली नाही.

यामुळे जे उणे राहिले ते भरून काढणारी दोन आत्मकथने आहेत. मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' आणि सय्यदभाई यांचे 'दगडावरची पेरणी'. मेहरुन्निसाबाई त्या सात स्त्रियांपैकी एक. निकाहानंतर नोंदणी पद्धतीनेही लग्न करणारे हे जोडपे. त्यांच्या पुस्तकात सुधारकाच्या घरचा हिशेब आहे : नोकरी कुणी केली, चूल कुणी पेटवली, नवऱ्याचे आजारपण कुणी काढले. ३ मे १९७७ रोजी दलवाई गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दफन न करता विद्युतदाहिनीत दहन झाले, तेव्हा लोकांच्या नजरा झेलण्याचे काम त्यांच्या पत्नीला करावे लागले. सय्यदभाई तर ना प्राध्यापक ना पुढारी. बहिणीला तलाक मिळाला आणि या अन्यायाला धर्मात खरोखर आधार आहे काय, हे शोधत ते दारोदार फिरले, त्यातून दलवाईंपर्यंत पोचले. १९८५ साली, शाहबानोचा निकाल आला त्या वर्षी, तलाकमुक्ती मोर्चा कोल्हापूरहून नागपूरकडे निघाला, त्यात हीच माणसे होती. दगड खाल्ले, बहिष्कार सोसला. सय्यदभाईंना २०२० साली पद्मश्री मिळाली. २०२२ साली ते पुण्यात वारले. या पुस्तकांना भाषेचा डौल नाही. दलित आत्मकथनांनी आपल्याला शिकवले की डौल नसलेली भाषाही पुरावा असते.

एवढे श्रेय दिल्यानंतर माझा आक्षेप मांडतो. मंडळाने जोतीरावांचे नाव घेतले, पण अर्धे जोतीराव घेतले. स्त्रीचे दुःख घेतले. शूद्रातिशूद्राचे घ्यायचे राहिले. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील ग्रंथात १९०१ च्या बंगालच्या जनगणनेचा आधार देऊन अश्रफ, अजलफ, अरजल ही उतरंड दाखवली आणि सर्वांत खालच्या थराशी बाकीचे मुसलमान संबंध ठेवत नाहीत हे नोंदवले. माझा एक विद्यार्थी मला म्हणाला, "सर, आमच्यात जात नाही, फक्त लग्न जातीतच होतं." हे वाक्य मी त्यानंतर अनेक वर्गांत सांगितले आहे. राहिलेले अर्धे जोतीराव दुसऱ्यांनी उचलले. शब्बीर अन्सारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली आणि १९९४ साली महाराष्ट्र शासनाला अनेक मुसलमान व्यवसायजातींना इतर मागासवर्गीयांच्या सवलती द्याव्या लागल्या. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तेथून भाषेचा व जातीचा प्रश्न पुढे नेला आणि दलवाईंवर टीकाही केली. या दोन चळवळी एकमेकींकडे संशयाने पाहत राहिल्या. एकीने तलाक पाहिला, दुसरीने जात पाहिली. तलाक मिळालेली बाई बहुधा खालच्याच जातीची आणि भाड्याच्या खोलीतली असते, हे दोघींनी एकत्र पाहिले असते तर महाराष्ट्रात काही निराळे घडले असते.

दुसरा मुद्दा टाळ्यांचा. सुधारकाला स्वतःच्या समाजाने दगड मारावेत आणि दुसऱ्या समाजाने हार घालावेत, हा मोठा सापळा आहे. दलवाई तो ओळखत होते. हिंदू जातीयवाद्यांवरही त्यांनी कोरडे ओढले. पण टाळ्या वाजवणाऱ्यांनी तेवढी पाने सोडून वाचली. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. १९६६ च्या सात स्त्रियांचा तो विजय होता आणि तो मला मोलाचा वाटतो. २०१९ च्या कायद्याने असा तलाक उच्चारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. निर्वाह भत्त्याची तरतूद त्यात आहे. पण तुरुंगात बसलेला हातगाडीवाला तो कोठून देणार? नवरा आत गेला, तरी ती राहणार कुठे, हा माझ्या आईचा प्रश्न उंबऱ्यावरच राहिला. बाहेरच्या सत्तेने केलेल्या सुधारणेत हे नेहमी होते. हेस्टिंग्जच्या काळीही कायदा स्त्रीला विचारून झाला नव्हता.

आणि आपण? आपल्यालाही उलटतपासणीतून सूट नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला परिषदेच्या मंडपासाठी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांनी हौदावर हातपाय धुतले, तेव्हा हौद बाटवला म्हणून मुसलमानांचा जमाव धावून आला. या दोन्ही घटना आपल्या आहेत. पहिली सांगून दुसरी लपवणे हा भाबडेपणा, दुसरी सांगून पहिली लपवणे हा कावा. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने धर्माची अट घातली. १९५६ साली शिखांसाठी व १९९० साली आपल्यासाठी, बौद्धांसाठी, ती सैल झाली. मुसलमान व ख्रिस्ती दलितांसाठी झाली नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ती अट काढावी असे सुचवले, तेव्हा आपल्यातील किती जण त्यांच्या बाजूने बोलले? आपला वाटा कमी होईल ही भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. परंतु त्या भीतीपोटी मेहतर मुसलमानाच्या डोक्यावरची पाटी आपल्याला दिसेनाशी होत असेल, तर मुसलमानांत फुले का झाले नाहीत हे विचारण्याचा अधिकार आपल्यालाही नाही.

तो प्रश्न मला पुन्हा कुणी व्यासपीठावरून विचारला, तर मी आता गप्प बसणार नाही. मी सांगेन : झाले. त्यांतले काही सात जणींच्या मोर्चात होते, काही जालना-सोलापूरकडच्या सभांत होते, एक १८५६ च्या पत्रात नावापुरती उरली आहे. ते एकत्र आले नाहीत, आणि ते एकत्र यावेत म्हणून आपण काही केले नाही. या वर्षी मी माझ्या वर्गात 'मी भरून पावले आहे' आणि बाबासाहेबांच्या पाकिस्तान ग्रंथातील जातीवरचा भाग शेजारी शेजारी ठेवून शिकवणार आहे. मुले कोणते प्रश्न विचारतात ते पाहू. त्यांतली एक तरी "ती राहणार कुठे?" असे विचारील, अशी मला आशा आहे.